विश्वासू कारभारी विल्यम केरी

कारभारीपणाचा उपदेश श्रीमंतांसाठी आहे, ज्याच्या पदरी दोन बिघे जमीन व एक बैलजोडी त्याने हिशेब तो कशाचा द्यावा, असे आमच्यापैकी पुष्कळांस वाटते. अशांनी केरी साहेबांचे चरित्र अवश्य ऐकावे.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील पॉलर्सपरी या खेड्यात एका गरीब विणकराच्या घरी झाला. लहानपणीच ते जोडे शिवण्याचा धंदा शिकू लागले. द्रव्य नव्हते, परंतु वेळ होता, आणि तोही देवाने दिलेला आहे हे त्यांनी ओळखिले. हाती आरी आणि शेजारी पुस्तक, अशा रीतीने लॅटिन, ग्रीक व इब्री या भाषा त्यांनी साध्य केल्या. १७९२ साली केटरिंग गावी त्यांच्या प्रयत्नाने मिशनरी मंडळी स्थापन झाली, तेव्हा पहिली वर्गणी सुमारे १३ पौंडांचीच होती.

१७९३ साली ते बंगाल्यात आले. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पुत्र पीटर वारला. त्या दुःखानंतर त्यांच्या पत्नी डॉरथी यांचे चित्त भ्रमले, ते १८०७ साली मरेपर्यंत सावरले नाही. कुटुंब हीदेखील ठेव आहे, आणि थोर सेवकाच्या घरीही त्या सेवेची किंमत दुसऱ्या कोणास तरी भरावी लागते, हे आम्ही विसरू नये.

१८०० साली श्रीरामपुरास त्यांनी मार्शमन व वॉर्ड यांच्यासह एक सामाईक थैली ठेविली. १८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांस दरमहा ५०० रुपयांची नोकरी मिळाली. १८०७ पासून पगार १,००० रुपये झाला. तो सर्व थैलीत जाई. घरखर्चास सुमारे ४० रुपये, आणि कॉलेजात नीट वस्त्रे घालून जाता यावे म्हणून आणखी २०, एवढेच ते घेत.

बुद्धीची ठेवही त्यांनी पुरून ठेविली नाही. आमच्या मराठीचे व्याकरण त्यांनी १८०५ साली व कोश १८१० साली छापिला. १८११ साली नवा करार मराठीत निघाला. या कामी वैजनाथ पंडितांचे साहाय्य मोठे होते.

तोच ११ मार्च १८१२ रोजी सायंकाळी श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, टाइप, अनेक भाषांच्या शब्दांचा महाकोश, भाषांतरांची हस्तलिखिते, वर्षानुवर्षांचे श्रम एका रात्रीत राख झाले. केरी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी येऊन पाहताच त्यांचे डोळे भरून आले. परंतु राखेत टाइप पाडण्याचे ठसे शाबूत सापडले. वितळलेल्या धातूचेच नवे टाइप ओतून थोड्याच आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. जे गेले त्याचा शोक त्यांनी केला. पण जे उरले ते तत्काळ कामी लाविले.

९ जून १८३४ रोजी ते वारले. मिशनच्या जागेवर आपला काही हक्क नाही, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेविले होते. हजारो रुपये हातून गेले, तरी मुलास देण्यासाठी पुस्तके विकण्याची सूचना त्यांस करावी लागली.

प्रिय वाचकहो, धनी आम्हांस केरींच्या हजार रुपयांचा हिशेब विचारणार नाही. आमचा मोकळा तास, आमची पायली धान्य, आमचे चार अक्षरांचे ज्ञान, आणि संकटानंतर जे उरले ते, यांचाच विचारील. तो हिशेब आम्ही आजच लिहावयास घेऊ या.