रमाबाई रानडे : बायकांना बरोबर घेऊन चाललेली वाट

वर्धापनदिन आला की मंडळाचा वर्षाचा हिशेब वाचला जातो. वर्ग किती चालले, शिलाईयंत्रे किती झाली, सभासद किती वाढल्या, हे आपण आनंदाने ऐकतो. परंतु चार बायकांनी घराबाहेर एकत्र बसावे, कागदावर ठराव लिहावा आणि तो पार पाडावा ही गोष्ट आपल्याकडे आपोआप आलेली नाही. तिच्यासाठी कोणीतरी बोलणी खाल्ली आहेत. अशा बायकांत कै. रमाबाई रानडे यांचे नाव मोठे आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी म्हणून त्या सर्वांस ठाऊक आहेत. पण त्यांची काम करण्याची रीत आपल्यासारख्या मंडळांनी मुद्दाम आठवावी अशी आहे.

रमाबाईंचा जन्म तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे, विद्वान म्हणून नावाजलेले. आणि नवऱ्या मुलीला अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी लग्नानंतर लगेच शिकवण्यास आरंभ केला. मराठी झाले, पुढे इंग्रजी सुरू झाले. पण घरात नणंद, सासूच्या नात्याच्या व इतर वडीलधाऱ्या बायकांचा मोठा गोतावळा होता, आणि सुनेने पुस्तक हाती धरावे हे त्यांतील बहुतेकींना मुळीच पसंत नव्हते. टोमणे, अबोला, घालूनपाडून बोलणे रोजचेच झाले. इंग्रजी शिकवण्यास मिशनची बाई येऊ लागली, तेव्हा शिकवणी झाल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात वावरण्याची सोय नसे.

रमाबाईंनी शिकणे सोडले नाही, आणि त्या बायकांशी वैरही धरले नाही. घरातील कामाचा वाटा त्या पुरा उचलीत, बोलणी मुकाट्याने ऐकून घेत आणि पुन्हा पुस्तक उघडीत. या वर्षांत त्यांना एक विद्या साधली, जी कोणत्याही शाळेत मिळाली नसती. विरोध करणाऱ्या बाईच्या मनात काय असते हे त्यांना आतून समजले. ती वाईट नसते. तिला भय असते, आणि जे आपल्याला कधी मिळाले नाही ते दुसरीस मिळताना पाहून तिचा जीव तुटतो. पुढे हजारो बायकांशी वागताना हीच ओळख त्यांच्या उपयोगी पडली.

माधवरावांची बदली १८७८ साली नाशिकला झाली. तेथे लोकहितवादी गोपाळराव हरी देशमुख यांच्या पत्नीच्या सोबतीने रमाबाईंनी बायकांना एकत्र आणण्याचे काम हाती घेतले. सभा म्हटली असती तर एकही बाई आली नसती. म्हणून त्यांनी हळदीकुंकू योजले. हळदीकुंकवास जाण्यास सासूची ना नसते. बायका येत, बसत, आणि चार शहाणपणाच्या गोष्टी बोलल्या जात. नवे काम त्यांनी जुन्या ओळखीच्या दारातून आत आणले. ही युक्ती लहान वाटते, पण येणारीला शरमिंदे न करता बोलवावे हे तिचे मर्म आहे.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज स्थापन झाला. रमाबाई तेथे जाऊ लागल्या, तेव्हा घरातील रोष पुन्हा भडकला. पुढे मुलींच्या हायस्कुलासाठी चळवळ झाली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भरलेल्या सभेत त्यांनी इंग्रजीतून बोलून त्या शाळेची मागणी मांडली. हुजूरपागेतील ती शाळा १८८४ साली सुरू झाली. सभेत टाळ्या मिळाल्या तरी घरी परतल्यावर काय ऐकावे लागे, ते त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात कसलाही कडवटपणा न ठेवता सांगितले आहे. ते पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले व मराठीतील आत्मचरित्रांत त्याला मानाचे स्थान मिळाले.

माधवराव हायकोर्टाचे न्यायाधीश झाल्यावर १८९३ पासून बिऱ्हाड मुंबईस आले. तेथे रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचा एक क्लब चालविला. भाषा, सामान्य ज्ञान, शिवण व हस्तकाम यांचे वर्ग त्यात भरत. १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव वारले. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसावे, हाच शिरस्ता होता. रमाबाई पुण्यास परत आल्या आणि शोकाचा काळ सरल्यावर कामासाठी पुन्हा बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातील बायकांकडे जाऊन त्या देवाधर्माच्या गोष्टी सांगत, त्यांच्यात बसत. इस्पितळातील रोग्यांना फळे-फुले नेत. १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषद भरली, तिचे अध्यक्षस्थान त्यांना देण्यात आले.

मुंबईत १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी सेवासदनाची कल्पना काढली, तेव्हा रमाबाई तिच्या अध्यक्ष झाल्या. पुढच्याच वर्षी पुण्यास सेवासदन निघाले. त्याचे पहिले वर्ग रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात भरले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना भक्कम साथ होती. नाव सेवासदन असले, तरी ते अनाथ बायकांना बसून खाऊ घालण्याचे घर नव्हते. येथे येणाऱ्या बाईने शिकावे, शिक्षिका, परिचारिका किंवा शिवणकाम जाणणारी व्हावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे, आणि मग दुसरीला हात द्यावा, असा संकल्प होता. काल जी विद्यार्थिनी ती उद्याची कार्यकर्ती, या हिशेबाने संस्था वाढली.

सर्वांत कठीण काम परिचारिकांचे. पांढरपेशा घरातील मुलीने, त्यातून विधवेने, परक्या पुरुषांची शुश्रूषा करावी, कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावावा, रात्रपाळी करावी, हे ऐकूनच लोक कानावर हात ठेवीत. रमाबाईंनी वाद घालण्यात वेळ दवडला नाही. ससून इस्पितळात शिकण्याची व्यवस्था केली, मुलींच्या राहण्याची सोय लावली, आणि त्यांच्यावर डोळा ठेवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली. रमाबाई रानडे पाठीशी आहेत एवढ्या भरवशावर कित्येक बापांनी आपल्या मुली पाठविल्या. वर्षे गेली, आणि परिचारिका ही मानाची गोष्ट ठरली.

आळंदीच्या यात्रेतही त्या सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन जात व यात्रेकरू बायकांच्या सोयीकडे पाहत. १९१३ साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी मदतीचे काम अंगावर घेतले. पुढे पुणे नगरपालिकेत सक्तीचे शिक्षण प्रथम केवळ मुलांना द्यावे असा विचार चालला, तेव्हा १९२० च्या सुमारास मुलींच्या हक्कासाठी बायकांचा मोर्चा निघाला, त्याच्या पुढे रमाबाई होत्या. हळदीकुंकवापासून सुरू झालेली वाट रस्त्यावर येऊन पोचली होती! स्त्रियांना मताधिकार मिळावा या चळवळीतही त्यांचा भाग होता. मुंबई इलाख्यात तो ठराव १९२१ साली मंजूर झाला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावी लागते. त्यांच्या संस्थेत आरंभी आल्या त्या बहुतेक वरच्या जातींच्या घरांतील बायका. पुण्यात १८४८ सालीच सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली होती आणि अस्पृश्य मानलेल्यांसाठीही शाळा उघडल्या होत्या. ते दार जेवढे रुंद होते, तेवढे रमाबाईंच्या काळी सेवासदनाचे नव्हते. थोरांचे गुणगान करताना ही उणीव झाकू नये. उरलेले काम कोणाचे, हे त्यावरूनच आपल्याला कळते.

१९२४ साली रमाबाई वारल्या. भारत सरकारने १९६२ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले, आणि सेवासदनाच्या शाळा आजही चालू आहेत. परंतु आपल्याला त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते वेगळेच. आपल्या मंडळात न येणारी एखादी भगिनी असते. तिला आळशी वा मागासलेली म्हणणे सोपे आहे. तिच्या घरी काय अडते, कोणत्या वेळी तिला मोकळीक मिळते, तिला खरोखर काय शिकायचे आहे, हे तिलाच विचारणे कठीण. ती आली म्हणजे तिच्यापुढे कामांची यादी ठेवण्यापेक्षा त्या यादीत तिचे एक काम लिहून घ्यावे, आणि ते तिच्याच हातून पुरे होऊ द्यावे, मग थोडे वाकडे झाले तरी चालेल. बायकांसाठी चाललेली संस्था चालविणारे थकले की बंद पडते. बायकांनी आपली मानलेली संस्था चालतच राहते.

भगिनींनो, पुढल्या वर्षीच्या अहवालात सभासदांची संख्या तर वाचूच. पण प्रथमच पुढे होऊन काम उचललेल्या भगिनींची नावेही त्यात यावीत, आणि ज्या वस्तीतून अद्याप एकही बाई आपल्याकडे आलेली नाही, तिकडचे एखादे नाव त्यात असावे, एवढी इच्छा आहे.