शेठ वालचंद आणि देशी मोटार

मुलांनो, रविवारी सकाळी ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीत एखाद्या गॅरेजसमोर थोडा वेळ उभे राहा. तिथे मोटारींचे शौकीन जमलेले दिसतील. कोणी बॉनेट उघडून आत डोकावत असतो. कोणी गॅरेजात जॅक कुठे ठेवावा, दिवे कसे लावावेत, हे मालकाला समजावून सांगत असतो. ब्रेक पॅडचा विषय निघाला की मात्र सगळेच बोलू लागतात. शर्यतीच्या मार्गावर भरधाव गाडीचा वेग वळणावळणावर कमी करावा लागतो. त्यामुळे पॅड फार तापतात आणि साधे पॅड जास्त तापले की त्यांची पकड सुटते. शर्यतीचे पॅड तापल्यावर चांगले धरतात, पण थंड असताना कमी धरतात. म्हणून बाजारात, शाळेच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीला ते लावू नयेत, असे जाणकार मिस्त्री सांगतात.

आज हे पॅड दुकानात मागताच मिळतात. पण स्वातंत्र्यापूर्वी मोटारीचे बहुतेक सर्व भाग बोटीने परदेशातून येत. मोटार आपल्या देशात बनावी यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे सरकारचे दार ठोठावले, त्या वालचंद हिराचंद यांची ही हकिकत आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातमधील जैन व्यापाऱ्यांचे होते. घरी कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय होता. जन्मानंतर काही दिवसांतच त्यांची आई वारली. सोलापूरला शाळा संपवून ते मुंबईच्या आणि पुण्याच्या कॉलेजात गेले, पण पदवी न घेताच परतले. घरच्या पेढीवर बसून हिशेब लिहिण्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेत कारकून असलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे त्यांच्या कंपनीने खोदले. आपल्या ठाणे जिल्ह्यातील तानसा तलावाचे पाणी मुंबईला नेणारे मोठे नळ टाकण्याचे कामही त्यांच्याकडे होते. १९१९ साली त्यांनी मित्रांसह सिंदिया ही जहाज कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनला निघाले. वालचंद स्वतः त्या जहाजावर होते. ५ एप्रिल हा दिवस आपला देश आजही सागरी दिन म्हणून पाळतो.

अशा माणसाला मोटारीचा कारखाना काढणे कठीण का वाटावे? पण हेच काम त्यांना सर्वांत जड गेले.

त्या वेळी मुंबईत मोटारी तयार होत नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली शिवडीला कारखाना सुरू केला होता. फोर्डचे कामही मुंबईत चालत असे. पण तिथे फक्त जोडकाम होई. इंजिन, गिअर, ब्रेक, चाके असे सुटे भाग पेट्यांत भरून येत. इथले मजूर ते स्क्रूने एकमेकांना जोडत आणि गाडी बाहेर पडे. भाग बनवण्याची विद्या परदेशातच राही.

यात काय बिघडले, असे तुम्ही विचाराल. ब्रेकचेच पाहा. ब्रेक ही झिजणारी वस्तू आहे. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाई आपल्या पतीने बनवलेली मोटार घेऊन दूरच्या प्रवासाला निघाल्या. मोटारीचा एवढा लांब प्रवास तोपर्यंत कोणी केला नव्हता. उतारावर ब्रेकचे ठोकळे झिजले. तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका मोच्याकडून त्या ठोकळ्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची ही पहिली हकिकत मानतात. बाईंना गावात मोची मिळाला म्हणून त्या पुढे जाऊ शकल्या. ज्या देशात असा भाग बनवणारा कारागीरच नाही, तिथे मोटार घेणारा माणूस दर वेळी परदेशी बोटीची वाट पाहणार.

१९३५ च्या सुमारास वालचंद यांनी थोर इंजिनियर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची मदत घेतली. विश्वेश्वरय्या युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून आले आणि त्यांनी योजना तयार केली. मुंबई प्रांतातील खेर मंत्रिमंडळाने मदत करायचे मान्य केले. काम मार्गी लागले असे वाटत असतानाच १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. मग म्हैसूर संस्थान पुढे आले. दिल्लीच्या इंग्रज सरकारला ते आवडले नाही, त्यामुळे संस्थानालाही माघार घ्यावी लागली.

वालचंद मात्र थांबले नाहीत. ते अमेरिकेला गेले. फोर्ड कंपनीशी त्यांचे जमले नाही, पण क्रायस्लर कंपनी तयार झाली. क्रायस्लरने १९२४ मधल्या आपल्या पहिल्याच मोटारीला चारही चाकांवर तेलाच्या दाबाने चालणारे ब्रेक बसवले होते. अमेरिकेहून परतताना विमानात त्यांची एका अमेरिकन विमान व्यावसायिकाशी गाठ पडली. त्या ओळखीतून १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना निघाला! विमानांची युद्धाला गरज होती. मोटारीच्या कारखान्याची यंत्रे आणण्यासाठी मात्र सरकार परवानगी देईना. मोटारीच्या कारखान्याचा युद्धाला उपयोग नाही, असे कारण देण्यात आले. त्याच वेळी लष्करासाठी हजारो ट्रक कॅनडातून सुट्या भागांत येत होते आणि मुंबईतच जोडले जात होते. सरकारला ट्रक हवे होते, मग ट्रक बनवणारा देशी माणूस का नको होता? माझ्या मते याचे उत्तर यंत्रांत शोधून सापडणार नाही. ते सत्तेत आणि व्यापारात शोधावे लागते.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहिला. १९४७ साली तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो, प्लायमाउथ अशी त्यांची नावे होती. आता एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, की हेसुद्धा जोडकामच होते. म्हणणे बरोबर आहे. सुरुवातीला इथेही बहुतेक भाग बाहेरूनच येत. फरक इतकाच होता की दर वर्षी आणखी काही भाग इथे बनवायचे, असा वालचंद यांचा निश्चय होता. १९५० च्या आसपास इटलीच्या फियाट कंपनीशीही करार झाला.

पण तोपर्यंत वालचंद यांची प्रकृती ढासळली होती. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. हा फार धावपळीचा माणूस होता. एक काम पुरे होण्याआधी दुसरे हाती घ्यायचा, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही होई. आता त्यांना अंथरुणाला खिळून राहावे लागले. त्यांच्या पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी स्वतंत्र भारताच्या सरकारने ठरवले, की नुसते जोडकाम करणाऱ्या कंपन्यांनी भाग बनवण्याचा कार्यक्रम द्यावा, नाहीतर काम बंद करावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी आपले मुंबईतील काम आवरते घेतले. वालचंद जी गोष्ट वर्षानुवर्षे मागत होते, ती ऐकायला ते उरले नव्हते.

कुर्ल्याला फियाट ११०० तयार होऊ लागली. १९७४ पासून तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तुमच्या आई-वडिलांनी तिच्यातून प्रवास केला असेल. तिच्या चारही चाकांत ड्रम ब्रेक असत. पाय पेडलवर पडला की नळीतले तेल दाबले जाई, दोन अर्धगोल शू बाहेर सरकत आणि फिरत्या ड्रमला आतून घट्ट धरत. डिस्क उघडी असते, तिला वारा लागतो. ड्रम बंद असतो, म्हणून लांब उतारावर तो तापून राही आणि ब्रेक कमजोर पडत. शूवरचे अस्तर आता आपल्याच देशात बनत होते. त्या काळच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक असते. जुना ड्रम उघडताना कोणी तोंडाने फुंकर मारत असेल, तर त्याला जरूर अडवा.

प्रीमियरचा दुसरा कारखाना आपल्या भागात, डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर होता. १९९० नंतरच्या काही वर्षांत तिथे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीची मोटार तयार होत असे. पुढे दोन्ही कारखाने बंद पडले. पद्मिनीचे उत्पादन २००० सालानंतर थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून बाहेर पडली. डोंबिवलीत सभा भरणाऱ्या त्या मोकळ्या जागेला लोक अजूनही प्रीमियर मैदान म्हणतात. काही शौकिनांनी आपली जुनी पद्मिनी जपून ठेवली आहे. तिच्या शूवर नवे अस्तर बसवून देणारे वयस्कर मिस्त्री अजून आहेत, पण त्यांना शोधावे लागते.