साक्षेपी संपादक शंकर पांडुरंग पंडित

छापील ग्रंथ हाती आला की त्यातील प्रत्येक अक्षर मूळ कर्त्याचेच आहे, असे वाचक निःशंकपणे गृहीत धरतो. तळटीपांतील पाठभेदांकडे त्याचे सहसा लक्षही जात नाही. वाचकाचा हा विश्वास सार्थ ठरावा म्हणून ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत शंकर पांडुरंग पंडित यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

त्यांचा जन्म १८४० साली सावंतवाडी संस्थानात झाला. सरकारी नोकरीत ते मुंबई सरकारचे प्राच्य भाषांतरकार होते; पुढे पोरबंदर संस्थानाचा कारभारही त्यांनी पाहिला. मात्र त्यांची कीर्ती या अधिकारपदांवर अवलंबून नाही. मुंबई संस्कृत ग्रंथमालेसाठी त्यांनी कालिदासाचे ‘रघुवंश’, ‘मालविकाग्निमित्र’ व ‘विक्रमोर्वशीय’ संपादिले, तर वाक्पतीचे ‘गउडवहो’ हे प्राकृत काव्य १८८७ साली प्रसिद्ध केले. वेदांचा अर्थ मराठी वाचकापर्यंत पोहोचावा म्हणून १८७६ पासून ‘वेदार्थयत्न’ हे मासिकही त्यांनी चालविले.

मराठी माणसावर त्यांचे थोर ऋण आहे ते तुकोबांच्या गाथेचे. अभंग मुखोमुखी आणि वहीवरून वहीत उतरत आले होते. उतरून घेणाऱ्याने जुना शब्द कळला नाही म्हणून नवा घालावा, चरण अडखळला म्हणून सरळ करावा, असे होत होत मूळ भाषा झिजत जाते. मुंबई सरकारने या कामासाठी चोवीस हजार रुपये मंजूर केले. विधवाविवाहाच्या चळवळीचे अग्रणी विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंगांच्या देखरेखीखाली संपादन केले. देहू, तळेगाव, पंढरपूर व कडूस येथील हस्तलिखिते ताडून पाहण्यात आली, आणि इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ व १८७३ साली गाथेचे दोन भाग बाहेर पडले. संताची वाणी शुद्ध करण्याचा मोह कोणत्याही विद्वानास पडावा असाच. पण पोथीत जे आहे ते राखणे, हेच त्यांनी कर्तव्य मानले. १९५० साली मुंबई सरकारने गाथा पुन्हा छापली, तीही याच आवृत्तीच्या आधारे.

अथर्ववेदाच्या संपादनात त्यांच्या साक्षेपाची खरी कसोटी लागली. रोट व व्हिटनी या पाश्चात्त्य पंडितांची संहिता १८५६ पर्यंत बर्लिनहून छापून आलेली होती. पंडितांनी संहिता, पदपाठ आणि जेवढे उपलब्ध झाले तेवढे सायणभाष्य एकत्र छापण्याचे योजिले. पोथ्या तर त्यांनी जमविल्याच. त्याखेरीज बापूजी जीवणराम, केशवभट बिन दाजीभट आणि वेंकणभटजी या अथर्ववेदी वैदिकांचे पठणही साक्षीस घेतले आणि कोण कोणता पाठ म्हणतो, याची पोथ्यांच्या बरोबरीने नोंद केली. यामागील विचार मार्मिक होता. हस्तलिखितात ष्ट आणि ष्ठ, व आणि ब यांची गल्लत सहज होते. गुरुमुखातून शिकलेल्या वैदिकाच्या उच्चारात ती तशी होत नाही. उलट स्मरणाचे दोष वेगळे असतात, ते पोथीवरून उमगतात. डोळा चुकेल तेथे कान आणि कान चुकेल तेथे डोळा, असा हा दुहेरी पहारा होता. वैदिक ब्राह्मणांच्या विद्येचा असा शास्त्रीय उपयोग करून घेण्यास आधुनिक शिक्षणाबरोबरच परंपरेविषयी खरा आदरही लागतो. एकट्या आधुनिकतेने किंवा एकट्या श्रद्धेने हे काम झाले नसते.

हे सारे मुद्रित स्वरूपात पाहण्याचे भाग्य मात्र त्यांना लाभले नाही. १८९४ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांचे निधन झाले. अथर्ववेदाचे चार खंड १८९५ ते १८९८ या काळात मुंबईस प्रसिद्ध झाले. त्याच साली व्हिटनीही निवर्तले होते. त्यांचे अथर्ववेदाचे इंग्रजी भाषांतर लॅनमन यांनी पुरे करून १९०५ साली प्रकाशित केले. त्याच्या टीपांत पंडितांचे पाठ आणि त्यांच्या वैदिकांची साक्ष जागोजाग नमूद आहे.

वडील गेले तेव्हा कन्या क्षमा अवघी तीन वर्षांची होती. पुढे क्षमादेवी राव या नावाने संस्कृत कवयित्री म्हणून प्रसिद्धीस आलेल्या या कन्येने ‘शंकरजीवनाख्यानम्’ या काव्यात पित्याचे चरित्र गायिले. ते १९३९ साली प्रसिद्ध झाले.