मायस्थेनियात थायमस ग्रंथी का काढतात? सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांची गोष्ट

सायखेड्यात दिवसभर द्राक्षबागेत राबल्यावर संध्याकाळी डोळे जड झाले, तर तो शीणच वाटतो. पण रोज संध्याकाळी पापणी खाली येत असेल, एकाचे दोन दिसत असतील, जेवताना जबडा थकत असेल आणि विश्रांतीनंतर बरे वाटत असेल, तर तो मायस्थेनिया ग्रेव्हिस असू शकतो. तपासण्यांनंतर नाशिकच्या डॉक्टरांनी तुम्हाला थायमस ग्रंथी काढण्याचा सल्ला दिला, तर प्रश्न पडणारच: अशक्तपणा डोळ्यांत आणि हातापायांत, मग ऑपरेशन छातीचे का? हा उपाय रुळवणाऱ्या अमेरिकन सर्जनची ही गोष्ट.

ब्लेलॉक कोण होते?

आल्फ्रेड ब्लेलॉक यांचा जन्म १८९९ मध्ये जॉर्जिया राज्यात झाला. तरुणपणी त्यांना स्वतःला क्षयरोग झाला होता. त्यातून उठून ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात सर्जन म्हणून काम करू लागले. तिथे १९३६ मध्ये त्यांच्याकडे मायस्थेनियाची सुमारे २० वर्षांची रुग्ण होती. तिच्या थायमसमध्ये गाठ होती. ब्लेलॉक यांनी ती काढली आणि तिची ताकद हळूहळू परत आली.

१९४१ मध्ये ते जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले. थायमसमध्ये गाठ नसलेल्या रुग्णांवरही त्यांनी हेच ऑपरेशन केले. काहींना चांगला फायदा झाला, काहींना फारसा नाही आणि काही दगावले. पुढे १९४४ मध्ये सहायक व्हिव्हियन थॉमस आणि डॉ. हेलन टॉसिग यांच्या साथीने केलेल्या ‘निळ्या बाळां’च्या हृदयशस्त्रक्रियेमुळे ते जगप्रसिद्ध झाले. १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांना तेव्हा काय माहीत नव्हते?

ब्लेलॉक यांनी पहिले ऑपरेशन केले तेव्हा थायमस नेमके काय करते, हेच कोणाला ठाऊक नव्हते. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखवले की रोगप्रतिकारशक्ती घडायला ही ग्रंथी लागते.

थायमस ही टी पेशींची शाळा समजा. जंतूंशी लढणाऱ्या या पेशी इथे आपले आणि परके ओळखायला शिकतात. स्वतःच्याच शरीरावर उठणाऱ्या बहुतेक पेशी इथेच नष्ट केल्या जातात. ही व्यवस्था बिघडली, तर ऑटोइम्यून आजार होऊ शकतो. मायस्थेनियात शरीर स्वतःच्या स्नायूंविरुद्ध अँटीबॉडी तयार करते आणि मेंदूचा निरोप मज्जातंतूकडून स्नायूपर्यंत नीट पोहोचत नाही. अनेक रुग्णांत हा बिघाड थायमसमध्येच चालू असतो. सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत तिथे गाठ सापडते.

गाठ नसतानाही ऑपरेशनचा फायदा होतो का, याचा पक्का पुरावा २०१६ मध्ये मिळाला. १२६ रुग्णांच्या अभ्यासात औषधांसोबत ऑपरेशन झालेल्यांची ताकद ३ वर्षांनी अधिक चांगली होती आणि त्यांना स्टेरॉइडही कमी लागले. ब्लेलॉक यांच्या पहिल्या ऑपरेशनला तोवर ८० वर्षे झाली होती.

तुमच्यासाठी याचा अर्थ

• ऑपरेशन सर्वांनाच लागत नाही. वय, अँटीबॉडीचा प्रकार आणि सीटी स्कॅन पाहून निर्णय होतो. गाठ असेल तर ती सहसा काढावीच लागते.
• फरक दिसायला महिने, कधी वर्षे लागतात. तोवर गोळ्या स्वतःहून बंद करू नका.
• मोठेपणी थायमसचे बरेचसे काम झालेले असते. त्यामुळे ती काढल्यावर शरीर एकदम उघडे पडत नाही.
• साध्या तापासाठी गावातल्या दवाखान्यात गेलात, तरी मायस्थेनिया असल्याचे आधी सांगा. काही अँटिबायोटिक्समुळे अशक्तपणा वाढतो.
• श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नका. लगेच मोठ्या रुग्णालयात जा.