शिक्षकांचा शिक्षक : हॅरॉल्ड रग

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि तेथील प्राध्यापक जॉन ड्यूई यांचा त्यांच्या विचारांवर खोल ठसा उमटला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. याच विद्यापीठाशी जोडलेले, मधे केवळ एक रस्ता सोडून उभे असलेले टीचर्स कॉलेज मात्र आपल्या फारसे परिचयाचे नाही. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था शिक्षक घडविते. बाबासाहेबांनी कोलंबिया सोडल्यानंतर चार वर्षांनी, १९२० च्या जानेवारीत, तेथे एक प्राध्यापक रुजू झाले. त्यांचे नाव हॅरॉल्ड रग. ड्यूईंविषयी वाचताना हे नाव मला भेटले आणि मग सुटेना.

रग यांचा जन्म १८८६ साली मॅसॅच्युसेट्समधील फिचबर्ग या गावी झाला. वडील सुतार. शाळा संपल्यावर महाविद्यालयात जाण्याआधी या मुलाने दोन वर्षे कापडगिरणीत विणकर म्हणून काम केले. येथे मला थांबावेसे वाटते. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतात. धोट्याचा खडखडाट कानात बसला की घरी आल्यावरही माणूस मोठ्यानेच बोलतो, हे मी रोज पाहते. पुढे डझनावारी ग्रंथ लिहिणारा माणूस ऐन विशीच्या उंबरठ्यावर तसल्याच आवाजात उभा होता, हे वाचून मला तो एकदम जवळचा वाटू लागला.

डार्टमथ कॉलेजातून ते स्थापत्य अभियंता झाले. काही काळ रेल्वेसाठी मोजणीचे काम केले, नंतर अभियांत्रिकी शिकवली. शिकवता शिकवता, विद्यार्थी शिकतो म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाने त्यांना घेरले. त्यांनी विषयच बदलला आणि १९१५ साली इलिनॉय विद्यापीठाची शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. शिकागो विद्यापीठात असताना, १९१७ मध्ये, शिक्षणातील संख्याशास्त्रावर पुस्तक लिहिले. मोजमापाची ही सवय त्यांच्या अंगात पुढेही मुरलेलीच राहिली.

टीचर्स कॉलेजची लिंकन स्कूल नावाची प्रयोगशाळा होती. म्हणजे खरीखुरी शाळाच, पण नवे प्रयोग करण्यासाठी. गंमत अशी की ती रॉकफेलर यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या निधीवर चाले. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र यांना एकत्र गुंफून 'सामाजिक अभ्यास' हा विषय शिकवावा, असे १९१६ च्या एका समितीने सुचवले होते. पण तो शिकवायचा कशावरून आणि शिकवणाऱ्याला तयार कोण करणार? रग यांनी भाऊ अर्ल व इतर सहकाऱ्यांना घेऊन छोट्या पुस्तिका लिहायला घेतल्या. देशभरातील शाळाप्रमुखांना पत्रे पाठवून आगाऊ मागणी नोंदवून घेतली. माल हाती नसताना लोकांनी विश्वासाने मागणी दिली. पुस्तिका वर्गावर्गांत वापरून पाहायच्या, मुले कोठे अडली ते कळवायचे, मग पुन्हा लिहायच्या, असे काम १९२०च्या दशकात चालले. त्यांच्या हाताखालचे डॉक्टरेटचे विद्यार्थी नामवंत विचारवंतांच्या ग्रंथांतून समाजाविषयीची मूलभूत विधाने वेचून काढत. शिक्षकाच्या हाती काय द्यावे, हेसुद्धा शोधून, तपासून ठरवायचे, ही कल्पनाच मला मोठी वाटते.

१९२९ पासून या पुस्तिकांची रीतसर पाठ्यपुस्तके झाली. चौदा पुस्तकांची ही माला देशातील हजारो शाळांत गेली आणि दहा वर्षांत तेरा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्यांत स्थलांतरित होते, बेकारी होती, वर्तमानपत्रे कशी चालतात ते होते, संपत्तीची विषम वाटणी होती. प्रत्येक ठिकाणी मुलांना प्रश्न विचारलेले होते. आपला देश सर्वांना खरोखरच सारखी संधी देतो काय, असासुद्धा.

आमच्या शाळेत नागरिकशास्त्राच्या तासाला किमान वेतनाचा विषय निघाला, तेव्हा माझ्या वडिलांना ते मिळते का, असे मी विचारले होते. सरांनी पुस्तकातील ओळ अधोरेखित करायला सांगितली. परीक्षेला तेवढेच येते, म्हणाले. सरांना तरी तो प्रश्न हाताळायला कोणी शिकवले होते?

रग यांच्यावर वादळ आले ते १९३९-४० मध्ये. जाहिरातीचा खर्च शेवटी ग्राहकच सोसतो, असे मुलांना सांगितल्याबद्दल जाहिरातदारांची संघटना संतापली. 'फोर्ब्स' मासिकाचे संस्थापक बर्टी फोर्ब्स, कारखानदारांची संघटना, माजी सैनिकांची अमेरिकन लीजन, सारे तुटून पडले. रग कम्युनिस्ट आहेत, अशी हाकाटी झाली; ते तसे नव्हते. ओहायोतील ब्रॅडनर गावी १९४० मध्ये त्यांची पुस्तके जाळण्यात आली. ते गावोगावच्या सभांना स्वतः जाऊन उत्तरे देत. आपण पुस्तके वाचलेली नाहीत, असे सांगूनच काही विरोधक बोलायला उभे राहत, हे त्यांनी १९४१ च्या आत्मकथनपर ग्रंथात नोंदवले आहे. १९३८ मध्ये २ लाख ८९ हजार प्रतींवर असलेला वर्षाचा खप १९४४ मध्ये २१ हजारांवर घसरला.

माझ्या मते त्यांचे सर्वच बरोबर नव्हते. सरकारी नियोजनाकडे असलेला त्यांचा कल पुस्तकांत लपत नाही, आणि चांगले पुस्तक दिले की शिक्षक आपोआप तयार होईल, असा थोडा भाबडा विश्वासही त्यांत आहे. पण न वाचता जाळण्याला हे उत्तर होत नाही.

शाळांतून पुस्तके गेली, तरी टीचर्स कॉलेजने त्यांना दूर केले नाही. १९५१ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवत राहिले. त्यांच्या वर्गातून बाहेर पडलेले शिक्षक निरनिराळ्या राज्यांत गेले. त्यांची नावे कोणी छापली नाहीत. निवृत्तीनंतर रग वुडस्टॉक या गावी राहून माणसाला नवी कल्पना सुचते कशी, यावर लिहीत होते. १९६० च्या मे महिन्यात तेथेच त्यांचे निधन झाले. ते पुस्तक १९६३ मध्ये बाहेर आले. टीचर्स कॉलेजात सामाजिक अभ्यासाचे शिक्षक आजही तयार होतात.