पहिलं पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी



आज मी तुम्हांला गणपत कृष्णाजी यांची गोष्ट सांगणार आहे. पाडव्याला आपल्या घरी नवं पंचांग येतं. मराठी पंचांग पहिल्यांदा छापलं ते यांनी.

दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे बहुतेक पोथ्या हातानं लिहीत. बोरूची लेखणी आणि काजळ व डिंकाची शाई. एका पोथीची दुसरी करायची तर पुन्हा पहिल्यापासून सगळं लिहायचं. त्यामुळे पोथी ज्याच्या घरात, विद्याही त्याच्याच घरात. बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं.

मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता. मिशनरी लोक आपल्या धर्माची पुस्तकं मराठीत छापून वाटत. ती पाहून गणपत कृष्णाजींच्या मनानं घेतलं, की आपल्या लोकांची पुस्तकंही अशीच छापायची. पण छपाई शिकायला कुठं जाणार? बघायचं आणि करून पाहायचं, हीच त्यांची शाळा झाली. त्यांनी घरीच एक लाकडी यंत्र बनवलं. शिळेचा एक लहान तुकडा मिळवला. त्यावर अक्षरं उमटतात का, ते पाहू लागले. शाईसुद्धा स्वतःच करून पाहिली.

या छपाईला शिळाप्रेस म्हणतात. जर्मनीत १७९६ च्या सुमारास आलॉइस झेनेफेल्डर यांनी ती शोधून काढली. चुन्याच्या जातीचा गुळगुळीत दगड घ्यायचा. त्यावर तेलकट शाईनं लिहायचं. मग दगड पाण्यानं ओला करायचा आणि वरून तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. पाणी असेल तिथं शाई लागत नाही, अक्षरांना तेवढी लागते. वर कागद ठेवून दाबला की अक्षर उमटलं!

हे मला आधी खरंच वाटेना. म्हणून मी घरी करून पाहिलं. आमच्याकडे शिळा नाही, म्हणून बटाटा अर्धा कापला आणि त्यावर आमच्या गावाचं पहिलं अक्षर कोरलं. छापलं तर उलटं आलं! तेव्हा कळलं, की ठशावर उलटं कोरावं तेव्हा कागदावर सुलटं येतं. अक्षराचा नाद सोडला आणि दुसऱ्या बटाट्यावर तुळशीवृंदावन कोरलं. ते उलटं काय नि सुलटं काय, सारखंच.

शाई आजीनं करून दिली. करडईच्या तेलाचा दिवा लावून वर ताटली धरली आणि काजळी जमवली. चटणीच्या जवसातून थोडं जवस काढून त्याचं तेल आणलं. आजीनं ते चुलीवर काकवीसारखं घट्ट होईपर्यंत आटवलं. मला जवळ येऊ दिलं नाही, कारण तेल पेट घेतं. त्यात काजळी खलली. आधी मी कच्चंच तेल घेतलं होतं, तर ठशाभोवती कागदावर भज्याच्या कागदासारखा डाग पसरला होता.

रंगासाठी पळसाची फुलं उकळली. रंग केशरी आला पण पाण्यासारखा पातळ. बाभळीचा डिंक घातला तेव्हा कुठं दाट झाला. मग काळ्या ठशावरून पळसाचा रंग फिरवला. काय गंमत! काळ्या रेघांवर रंग बसेचना, बाजूला बसला. तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाही. शिळाप्रेस मला त्या दिवशी कळला.

आता पुढची गोष्ट ऐका. गणपत कृष्णाजींना छापता येऊ लागलं, पण लोक छापील कागद हातात घ्यायला तयार होईनात. शाईत जनावराची चरबी असते, अशी शंका होती. देवाधर्माचं पुस्तक त्या शाईनं छापलेलं कसं चालेल? गणपत कृष्णाजींनी लोकांशी भांडण केलं नाही. शाईला स्निग्ध पदार्थ तर हवाच, नाहीतर शिळेवर ती चालणारच नाही. म्हणून त्यांनी चरबीच्या जागी तूप घालून शाई केली, असं सांगतात. तूप तर देवाच्या निरांजनात असतं! त्याला नाव कोण ठेवणार?

शके १७५३ म्हणजे इ. स. १८३१ चं पंचांग त्यांनी शिळेवर छापलं. पुढं त्यांनी शिशाचे खिळेही स्वतः पाडले आणि खिळ्यांचा छापखाना घातला. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ साली मुंबईचे वर्णन हे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांची हकीकत दिली आहे.

मित्रांनो, मी हे चरित्र का निवडलं ते सांगतो. आपलं भित्तिपत्रक एकच आहे, तेही भिंतीवर. जे शाळेत येतील ते वाचतील. पण आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांचे आईबाप कोयत्यावर गेलेत. माझेही गेलेत. दिवाळीनंतर गेले, कारखाना बंद झाल्यावर येतील. ते भिंतीपर्यंत कसे येणार?

म्हणून मी तुळशीवृंदावनाचे वीस ठसे छापले. चार फिसकटले, सोळा चांगले आले. खाली जागा सोडली आहे, तिथं ज्यानं त्यानं आपल्या हातानं चार ओळी लिहाव्यात. पुढच्या आठवड्यात आमच्या गल्लीतले एकजण कारखान्याकडं जाणार आहेत, ते घेऊन जातील. माझ्या आईला वाचता येत नाही. पण वृंदावन आमच्याच दारातलं आहे, ते ती ओळखील.

ज्यांना हवा असेल त्यांनी माझ्याकडून ठसा घ्यावा. बटाटा सुकला तर नवा कोरू.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी