आईच्या नावाने

मुंबईत चर्चगेट स्थानकापासून थोड्याच अंतरावर, नाथीबाई ठाकरसी मार्गावर, स्त्रियांचे एक विद्यापीठ आहे. 'एस. एन. डी. टी.' या आद्याक्षरांनी ते देशभर ओळखले जाते. ही आद्याक्षरे एका आईच्या नावाची आहेत, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी असे आहे आणि ते विद्यापीठाला मिळाले त्यांचे पुत्र सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्यामुळे.

विठ्ठलदासांचा जन्म १८७३ साली मुंबईतील एका गुजराती भाटिया कुटुंबात झाला. वडील दामोदर ठाकरसी यांचा कापडगिरण्यांचा व्यवसाय होता. एल्फिन्स्टन महाविद्यालयात काही काळ शिक्षण घेऊन विठ्ठलदास तरुण वयातच या व्यवसायात उतरले. बुद्धी कुशाग्र आणि व्यवहार चोख असल्यामुळे अल्पावधीत मुंबईच्या सार्वजनिक जीवनात त्यांना मान मिळाला. १९०७ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले आणि पुढील वर्षी सरकारने त्यांना 'सर' हा किताब दिला. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी सहकारी पतपेढ्यांना भांडवल मिळणे आवश्यक होते. त्यासाठी १९११ मध्ये सर लल्लूभाई सामळदास यांच्या सोबतीने त्यांनी मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभी केली.

त्या काळी स्त्रीशिक्षणाची स्थिती फार बिकट होती. १९११ च्या जनगणनेनुसार देशात दर शंभर स्त्रियांमागे जेमतेम एक स्त्री साक्षर होती. अशा परिस्थितीत महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये पुण्यात भारतवर्षीय महिला विद्यापीठ स्थापन केले. स्त्रियांना मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यावे, हे त्यांचे ध्येय होते. लहान मुलींना शिकवायचे तर शिक्षकही तयार व्हायला हवेत, हे ओळखून त्यांनी लवकरच प्राथमिक शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय आणि मुलींसाठी कन्याशाळाही सुरू केली. परंतु विद्यापीठाच्या पदव्यांना सरकारमान्यता नव्हती. महाविद्यालयाचा प्रारंभ अवघ्या पाच विद्यार्थिनींनी झाला होता. कर्वे गावोगाव फिरत आणि लोक देतील ती लहानमोठी वर्गणी गोळा करत. त्या वर्गणीवर संस्था आज चालली, तरी उद्या चालेलच याची शाश्वती कोणालाही नव्हती.

१९१९ साली विठ्ठलदास जपानच्या प्रवासाला गेले. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्यांच्या समवेत होते. टोकियो येथे त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ पाहिले. त्याच विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून कर्व्यांना आपल्या कार्याची स्फूर्ती मिळाली होती. कर्व्यांनी जे कागदावर वाचले, ते विठ्ठलदासांनी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. ज्या देशात मुली शिकतात तो देश कसा पुढे जातो, हे त्यांच्या मनावर खोल ठसले.

स्वदेशी परतल्यावर १९२० मध्ये त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. मूळ रक्कम सुरक्षित ठेवून तिच्या व्याजापोटी दरवर्षी ५२,५०० रुपये विद्यापीठाला मिळावेत, अशी योजना होती. गिरणीमालकाचा हिशेबीपणा येथे दानाच्या उपयोगी पडला. एकदाच खर्च होऊन संपणाऱ्या रकमेपेक्षा दरवर्षी फळ देणारे झाड त्यांनी लावले. विद्यापीठाला आपल्या आईचे नाव द्यावे आणि पुढे त्याचे मुख्य ठाणे मुंबईस न्यावे, अशा त्यांच्या अटी होत्या. स्वतःचे नाव मात्र त्यांनी मागितले नाही. पुण्यात रुजलेली संस्था मुंबईस नेण्याची अट मान्य करणे सोपे नव्हते. परंतु कार्य टिकावे या हेतूने कर्व्यांनी ती स्वीकारली.

या दानाची फळे पाहण्याचे भाग्य विठ्ठलदासांना लाभले नाही. १९२२ मध्ये, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य कार्यालय मुंबईस आले. त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाई यांनी पतीचे कार्य आपले मानून विद्यापीठाची धुरा वाहिली. १९५१ मध्ये विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली, तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू होण्याचा मान प्रेमलीलाबाईंना मिळाला.

प्रिय व्यक्तीच्या स्मरणार्थ कोणी मंदिर बांधतो, कोणी घाट, कोणी धर्मशाळा. विठ्ठलदासांनी आईचे स्मरण दगडात कोरले नाही. ते मुलींच्या हाती दिले. पुण्या-मुंबईच्या कन्याशाळांत पाटीवर पहिले अक्षर गिरवणारी बालिका असो किंवा पदवीपत्र घेऊन बाहेर पडणारी तरुणी असो, प्रत्येकीच्या शाळेच्या वा विद्यापीठाच्या नावात नाथीबाईंचे नाव आहे. एका मुलाने आईचे ऋण असे फेडले, की त्याचा लाभ असंख्य आयांना आणि त्यांच्या लेकरांना झाला.